सेवेचे वार
(महोत्सवानिमित्त भरलेल्या भगिनीमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



स्त्रियांच्या संस्था आणि त्यांची समाजसेवा या विषयावर चार शब्द बोलावे, अशी महोत्सव-समितीने मला आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी काही व्याख्याती नव्हे. माझे सारे आयुष्य मुलांस गणित शिकविण्यात गेले, आणि गणिताच्या शिक्षिकेस सभेकडे तोंड करण्यापेक्षा फळ्याकडे तोंड करण्याचीच सवय अधिक. परंतु मागाहून विचार करता असे वाटले की, या विषयात जे अडते ते बहुधा गणिताचेच आहे, मायेचे नव्हे. ते कसे, हे सांगण्याचा आज प्रयत्न करते. बोलण्यात काही उणे राहिल्यास आपण पदरात घ्याल, अशी खात्री आहे.

आरंभी आपल्या जिल्ह्याचाच एक आकडा सांगते. २०११ सालच्या जनगणनेत सबंध महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया भरल्या. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात १,१२२ भरल्या. याचे कारण आपणांपैकी कोणास समजावून सांगावयास नको. आपला पुरुष चाकरमानी. आज्यांच्या काळी तो मुंबईच्या गिरणीत होता, आयांच्या काळी बोटीवर किंवा आखातात गेला, आज पुण्यास संगणकापुढे बसला आहे. पूर्वी मनीऑर्डर येत असे, आता पैसे परस्पर बँकेत जमा होतात, एवढाच काय तो फरक. मागे राहिल्या त्या सुना, सासवा, लेकरे आणि म्हातारी माणसे. अन्य ठिकाणी स्त्रियांचे मंडळ म्हणजे गावाचे एक अंग असेल. आमच्याकडे कित्येक वाड्यांत दिवसाउजेडी पाहू जाता स्त्रिया म्हणजेच गाव होय. तेव्हा येथे स्त्रियांनी एकत्र यावे की न यावे, हा हौसेचा प्रश्न राहत नाही. आजारी माणसास इस्पितळात कोणी न्यावयाचे, हा तो प्रश्न आहे.

आता एक गोष्ट सांगते. ती मला मोठेपणा देणारी नाही, म्हणून इतकी वर्षे मी ती चारचौघांत सांगितली नव्हती.

आमच्या घराच्या खालच्या अंगास, उतारावर, एक वृद्ध बाई एकट्याच राहत असत. आम्ही सर्व त्यांस मावशी म्हणत असू. मुलगा कुवेतला, मुलगी लग्न होऊन मुंबईस. नाताळ आला की आम्हां शेजारणींच्या मायेस भरती येई. त्या वर्षी नाताळच्या दिवशी मावशींकडे सात घरांतून सात ताटे गेली. नेवऱ्या, कलकल, दोदोल, केक, आणि तीन घरांचे मटण! एकट्या बाईने ते खावे तरी किती? पुढच्या आठवड्यात सहज डोकावले, तो फडताळाखाली मुंग्यांची रांग लागलेली आणि मावशी ताटांतील पदार्थ उकिरड्यावर टाकीत होत्या. त्या हसून म्हणाल्या, "बाई, तुम्ही मला एका दिवसात वर्षाचे जेवण घातलेत." आम्हीही हसलो. त्यात हसण्याजोगे काही नव्हते, हे पुढे कळले.

सणाचे दिवस सरले, शाळा सुरू झाल्या, आणि ज्या त्या आपापल्या कामास लागल्या. फेब्रुवारीच्या एका मंगळवारी मावशी मागील पडवीत पाय घसरून पडल्या. त्या कोणास सापडल्या म्हणता? आम्हां सात जणींपैकी एकीसही नव्हे. रोज सकाळी टोपली घेऊन येणारी मासळीवाली, जी आपल्या धर्माचीही नव्हे, तिने हाक मारली, ओ आली नाही, म्हणून ती मागे गेली. आदल्या रात्रीपासून मावशी तेथे पडून होत्या. मासळीवालीची माया आमच्याहून अधिक होती असे मी म्हणणार नाही. पण ती रोज येत होती आणि आम्ही येत नव्हतो, इतकेच.

मावशींचे हाड सांधले, त्या घरी आल्या, आणि मग आम्ही लाजेकाजेस्तव एकत्र बसलो. काय करावे यावर पुष्कळ बोलणे झाले. शेवटी आमच्यापैकी एकीच्या सासूबाई कोपऱ्यात तांदूळ निवडीत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "एवढा ऊहापोह कशाला? वार लावा."

वार लावणे म्हणजे काय, हे येथील तरुण मुलींस कदाचित ठाऊक नसेल. पूर्वी गरिबाचा मुलगा शिकावयास पुण्यासारख्या शहरी जाई. खाणावळीस पैसा नसे. तेव्हा तो सात घरे धरी. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, येणेप्रमाणे सात दिवस सात घरी जेवे. यास वार लावून जेवणे म्हणत. महाराष्ट्रातील कित्येक विद्वानांचे शिक्षण या वारांवर झालेले आहे. यातील खुबी पाहा. कोणत्याही घरावर एका पानापेक्षा अधिक भार नाही, आणि तोही आठवड्यातून एकदाच. त्या सात गृहिणींनी एकदम उठून एकाच दिवशी त्या मुलास सात ताटे वाढली असती, तर तो एक दिवस अजीर्णाने आणि सहा दिवस उपासाने मेला असता!

आम्ही मावशींचे वार लावले. तेव्हा दोन अडचणी आल्या, त्या सांगण्यासारख्या आहेत. पहिली अडचण खुद्द मावशींची. पहिल्याच सोमवारी त्यांनी डबा परत पाठविला. "मी काय भिकारीण आहे?" असा निरोप. सणाचे ताट घेण्यात त्यांस कमीपणा वाटला नव्हता, कारण सणाचे ताट त्याही एके काळी इतरांस पाठवीत. रोजचा डबा मात्र त्यांस दान वाटला. यावर उपाय आम्हांस सुचला नाही, तो एका मुलीस सुचला. मावशींचा हात क्रोशाच्या विणकामात फार चांगला. ती मुलगी डबा घेऊन गेली ती सुई आणि दोरा घेऊनच गेली, आणि "मला शिकवाल का?" म्हणून तेथेच बसली. तेव्हापासून डबा म्हणजे शिकवणीचे वेतन झाले, आणि मावशी सोमवारची आमटी पातळ होती म्हणून तक्रारही करू लागल्या. ज्या दिवशी त्यांनी पहिली तक्रार केली, त्या दिवशी आमची व्यवस्था बसली, असे मी समजते.

दुसरी अडचण गुरुवारची. गुरुवार घेणाऱ्या बाईंच्या घरी बाळंतपण निघाले आणि त्या गळाल्या. तो वार दुसरे कोणी घेईना. अखेर शेजारच्या एका हिंदू भगिनीने आपण होऊन तो मागून घेतला. त्यांचा स्वतःचा गुरुवारी उपास. तेव्हा मावशींच्या डब्यात दर गुरुवारी साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी जाऊ लागली. मावशी म्हणत, "या वयात मला देवाने नवा उपास लावून दिला." पण खरे सांगावयाचे तर गुरुवारची त्या वाट पाहत.

असो. स्वतःचे पुराण पुरे झाले. हे सांगण्याचे कारण असे की, काही वर्षांनी संत विन्सेंट द पॉल यांचे चरित्र वाचीत असता मी एकदम थबकले. आमच्या सातही ताटांची गोष्ट त्यात होती, आणि ती चारशे वर्षांपूर्वीची होती.

१६१७ साल. फ्रान्स देशातील शातियाँ नावाच्या एका लहान गावी विन्सेंट हे नुकतेच धर्मगुरू म्हणून आलेले. एका रविवारी ते मिस्सेची तयारी करीत असता कोणी येऊन सांगितले की, गावाबाहेरच्या एका घरी सारेच्या सारे कुटुंब आजारी पडले आहे, पाणी द्यावयासही कोणी उठून उभे राहू शकत नाही. विन्सेंट यांनी प्रवचनात त्या कुटुंबाविषयी दोन शब्द सांगितले. दुपारी ते स्वतः तिकडे निघाले, तो वाटेत काय पाहतात! गावातील स्त्रियांची रीघ लागली आहे. कोणी जात आहे, कोणी परत येत आहे, उन्हाने थकून कोणी झाडाखाली बसली आहे. प्रत्येकीने काही ना काही नेले होते. दुसरा एखादा प्रवचनकार असता तर आपल्या वाणीच्या सामर्थ्यावर संतुष्ट होऊन घरी गेला असता. विन्सेंट यांस मात्र चिंता पडली. त्यांनी विचार केला तो असा की, माया उदंड आहे, पण तिला व्यवस्था नाही. या बिचाऱ्यांस आज इतके अन्न मिळाले आहे की त्यातील पुष्कळ नासून जाईल, आणि आठवड्याने ते पूर्वीइतकेच निराधार होतील.

थोड्याच दिवसांत त्यांनी गावातील स्त्रियांस बोलाविले आणि एक मंडळ स्थापिले. एकेकीने एकेक दिवस घ्यावा, त्या दिवशी आजाऱ्यांचा स्वयंपाक तिने करावा आणि तो स्वतः नेऊन द्यावा. म्हणजे वारच की नाही? आमच्या कोपऱ्यातल्या सासूबाईंनी विन्सेंटचे चरित्र वाचले नव्हते आणि विन्सेंट यांनी पुण्याचे विद्यार्थी पाहिले नव्हते. पण दोघांचे गणित एकच आले.

त्याच वर्षी या मंडळाचे जे नियम लिहिले गेले, ते अवश्य पाहण्यासारखे आहेत. मोठमोठ्या शब्दांचा त्यात सुकाळ नाही. आजाऱ्याजवळ प्रसन्न मुद्रेने जावे, बिछान्यावर तबक नीट ठेवावे, त्यावर रुमाल पसरावा, हात धुवावयास पाणी द्यावे, जेवणापूर्वीची प्रार्थना म्हणावी, मांसाचे तुकडे करून द्यावे, दोन प्रेमाचे शब्द बोलून त्यास खाण्याचा आग्रह करावा, इतक्या बारकाव्याने सर्व लिहिले आहे. पण मला सर्वांत अधिक भावला तो यातील एक नियम. ज्या आजाऱ्यांजवळ घरचे कोणी आहे त्यांच्याकडे प्रथम जावे, आणि जे अगदी एकटे आहेत त्यांच्याकडे सर्वांत शेवटी जावे. हेतू हा की, त्यांच्यापाशी अधिक वेळ बसता यावे. भगिनींनो, हा नियम ज्याने लिहिला त्याने एकट्या माणसाच्या खोलीत बसून पाहिलेले आहे, यात मला शंका वाटत नाही. आपण नेमके उलट करतो. एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे आधी जातो, "आणखी चार घरे जावयाचे आहे" म्हणतो, आणि उंबरठ्यावरूनच परततो.

या कथेचा पुढील भाग तितका गोड नाही, तरी तोही सांगितला पाहिजे. अशी मंडळे पुढे पॅरिस शहरी थोर घराण्यांतील स्त्रियांत निघाली. आरंभी उत्साह मोठा होता. पण हळूहळू या कुलीन स्त्रिया स्वतः जाईनाशा झाल्या; आपल्या मोलकरणींच्या हाती अन्न पाठवू लागल्या. मोलकरणीस ते काम म्हणजे रोजच्या कामांत आणखी एक. तेव्हा विन्सेंट आणि लुईज द मारियाक नावाच्या एका विधवा बाई यांनी खेड्यांतील साध्या मुली गोळा केल्या आणि १६३३ साली या मुलींचा संघ स्थापिला. या मुलींत पहिली मानली जाते ती मार्गारीत नासो, एक गुराखीण. गुरे राखता राखता, रस्त्याने जाणाऱ्या येणाऱ्यांस विचारून ती अक्षरे शिकली होती. प्लेगच्या रोग्यास आपल्या बिछान्यात जागा दिली, त्यातच तीही गेली.

प्लेगचे नाव निघाले की आम्हां मराठी माणसांस दुसरे एक नाव आठवल्यावाचून राहत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. त्यांच्या शाळेविषयी सर्वांस ठाऊक आहे; पण त्यांनी १८५२ साली पुण्यात महिला सेवा मंडळ काढले होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. या मंडळाने तिळगूळ-समारंभ केला तेव्हा येणाऱ्या सर्व जातींच्या स्त्रियांनी एकाच जाजमावर बसावे, असे ठरविले होते. आज हे वाचून आपणांस विशेष वाटणार नाही. त्या काळच्या पुण्यात एका जाजमावर बसणे हीच मोठी सेवा होती.

यानंतर ३० वर्षांनी, १८८२ साली, पंडिता रमाबाई यांनी पुण्यास आर्य महिला समाज स्थापिला. पुढच्याच वर्षी इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण पुण्यात जे रोपटे लाविले होते ते दुसऱ्या रमाबाईंनी, म्हणजे न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नीने, वाढविले. या रमाबाई रानडे यांचे उदाहरण मला आपल्यासारख्या संसारी बायकांच्या दृष्टीने फार जवळचे वाटते. लग्नाच्या वेळी अकरा वर्षांच्या आणि निरक्षर. पतीने शिकवावयास घेतले, तर घरातील वडील बायकांनी टोमण्यांनी बेजार केले. पुढे मुंबईत त्यांनी हिंदू स्त्रियांचा एक क्लब चालविला. क्लब म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जिल्ह्याच्या गावातील अधिकाऱ्यांच्या बायका आणि चहाचे पेले येतात. रमाबाईंच्या क्लबात मात्र शिवणकाम आणि प्रथमोपचार शिकवीत. (चहास मी नावे ठेवीत नाही. ज्या सभेत चहा नसतो, तिची दुसरी बैठक भरत नाही, हा माझा अनुभव आहे.)

१९०१ साली पती गेले. काही काळ एकांतात काढल्यावर त्या पुन्हा कामास लागल्या, आणि १९०९ साली पुण्याचे सेवासदन उभे राहिले. त्यांचा कार्यक्रम पाहिला म्हणजे त्यातही वारांचीच शिस्त दिसते. तुरुंगातील स्त्री-कैद्यांस भेटावयास त्या नियमाने जात, इस्पितळातील रोग्यांस फळे, फुले आणि पुस्तके नेऊन देत. आळंदीची यात्रा भरे तेव्हा सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन तेथे हजर राहत. सेवासदनाने विधवा मुलींस परिचारिकेचे आणि सुइणीचे शिक्षण देण्याचे ठरविले तेव्हा लोकापवादही सोसला. कोणाचे कोणते जखमेचे फडके कोणत्या जातीच्या मुलीने धुवावयाचे, यावर वाद घालणारे तेव्हाही पुष्कळ होते. धुणारे थोडे होते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळते, नाही तर पुणेकरांची स्तुती करून मी घरी गेले, असे आपण म्हणाल.

संगमेश्वर तालुक्यातील देवरुख हे गाव आपण सर्वांनी पाहिले आहे. १८७० साली या गावी एका गरीब घरी एक मुलगी जन्मास आली. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य. याच पार्वतीबाई आठवले. मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, त्याची सेवा त्यांनी आयुष्यभर केली. गावोगाव फिरावे, सभेत उभे राहून बोलावे, आणि आश्रमासाठी वर्गणी मागावी. १९१८ साली, इंग्रजीचा जेमतेम परिचय असता, त्या अमेरिकेस गेल्या, आणि तेथे पोटासाठी परक्यांच्या घरी घरकामही केले. देवरुखची एक विधवा बाई अमेरिकेत कोणाच्या तरी घरी भांडी घासून राहते आणि उरलेल्या वेळात आश्रमासाठी पैसा जमविते, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा. आपणांस रत्नागिरीहून लांज्यापर्यंत जावयाचे झाले तरी आपण एस.टी.ची वेळ विचारतो.

त्याच देवरुखात इंदिराबाई हळबे यांनी १९५४ साली दोन खाटांचे प्रसूतिगृह काढून 'मातृमंदिर' सुरू केले. त्यांसही सर्व पंचक्रोशी मावशीच म्हणे. पुढे त्यातून रुग्णालय निघाले, अनाथ मुलींचे 'गोकुळ' निघाले. १९९८ साली इंदिराबाई गेल्या. पण काम त्यांच्याबरोबर गेले नाही. मला त्या दोन खाटांचे महत्त्व फार वाटते. पन्नास खाटांचे इस्पितळ काढू म्हणून जे वर्गणी गोळा करीत बसतात, त्यांचे इस्पितळ बहुधा पावतीपुस्तकातच राहते. दोन खाटा आज मांडता येतात.

आपल्याच धर्ममंडळातील लिजन ऑफ मेरीचे उदाहरण घ्या. १९२१ साली सप्टेंबर महिन्यात डब्लिन शहरी ती सुरू झाली, तेव्हा फ्रँक डफ आणि एक धर्मगुरू सोडल्यास जमलेल्या बहुतेक सर्व तरुण मुलीच होत्या. आणि त्यांचे पहिले काम कोणते? शहरातील गरिबांच्या इस्पितळात स्त्री-रोग्यांस भेटणे. दोघी दोघींनी जावयाचे, आणि पुढच्या आठवड्याच्या बैठकीत काय केले ते उभे राहून सांगावयाचे. बस्स, इतकेच. पण दर आठवड्यास सांगावे लागणार, या एका गोष्टीने केवढी शिस्त लागते, हे कोणाही शिक्षिकेस विचारा. गृहपाठ तपासला जाणार नाही असे कळले की वर्गात तो कोणी करीत नाही.

आमच्या खेडोपाडीच्या बचत गटांस हे मर्म पुरते कळले आहे. त्यांच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब अशी पाच कलमे आहेत. पाचही कलमांच्या आरंभी शब्द एकच. काजू सोलून हात काळे झालेल्या बायका महिन्याच्या ठरल्या दिवशी वही घेऊन बसतात आणि दहा रुपयांचाही हिशेब चुकू देत नाहीत. त्यांच्यापैकी कित्येक जणींचे शिक्षण आपल्याहून कमी आहे. आपल्या मंडळाची वही मात्र मागील चार बैठकांत कोठे होती, हे मला कोणी सांगू शकले नाही. मीही त्या मंडळाची सभासद आहे. तेव्हा हा दोष माझ्याही माथी आहेच.

२०२१ सालच्या जुलै महिन्यात चिपळूण शहर पुरात बुडाले. तेव्हा आपण काय केले ते आठवा. दोन दिवसांत धान्य, ब्लँकेटे, भांडी, सारे जमले. जुन्या कपड्यांचे तर ढीग लागले. मी ते अनुचित म्हणत नाही. ज्याच्या घरात गळाभर पाणी शिरले त्यास त्या दिवशी कोरडे वस्त्रच पाहिजे असते. पण महिना उलटल्यावर आम्ही दोघी तिघी एका ओळखीच्या घरी गेलो, तेव्हा त्या गृहिणीने सांगितले, "पहिल्या आठवड्यात दारात माणसे मावत नव्हती. आता भिंतीस ओल आहे, मुलास ताप आहे, आणि बोलावयास कोणी नाही." नाताळची सात ताटे ती हीच. पूर हा पाण्याचा येतो, तसा मदतीचाही येतो, आणि दोन्ही ओसरतात.

या कामाविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, त्यांतील दोघांचाच परामर्श घेते. पहिला हा की, आजकाल सुना नोकरी करतात, त्यांस वेळ कोठला? हे खरे आहे, आणि ज्या सासवा हे म्हणतात त्यांनी तो वेळ आपल्या पदरचा द्यावा, असे मी सुचविते. निवृत्त झालेल्या आम्ही बायका दुपारी चार वाजता काय करीत असतो, हे दूरचित्रवाणीच्या मालिकांस चांगले माहीत आहे. शिवाय वार म्हणजे आठवड्यातील एक तास. ज्या सुनेस तोही नसेल तिने महिन्यातील एक रविवार घ्यावा. पुरुषांनीही घ्यावा, डबा उचलण्यास स्त्रीजन्मच पाहिजे असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही, आणि येथे मागील बाकांवर बसलेल्या बंधूंस उद्देशून मी हे बोलत आहे.

दुसरा आक्षेप असा की, आपण आपल्याच लोकांचे पाहावे, इतरांचे पाहावयास इतर आहेत. यास उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. ज्या मासळीवालीने आमच्या मावशींस उचलले तिने प्रथम त्यांचे बाप्तिस्म्याचे प्रमाणपत्र पाहिले नव्हते.

आता प्रत्यक्ष कामाचे सांगून संपविते. या महोत्सवाच्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापली आहे. ती योग्यच आहे. त्यांच्या औदार्यामुळेच हे सर्व घडले. पण दिवस देणाऱ्यांची यादी कोठे नाही, म्हणून मी आपली एक साधी शाळेची वही आखली आहे. आपल्या धर्मग्रामाच्या परिसरात एकट्या राहणाऱ्या वृद्धांची जी घरे आम्हांस ठाऊक आहेत, ती तीत लिहिली आहेत, अकरा भरली. त्यांतील चार घरे आपल्या धर्माची नाहीत. प्रत्येक घरापुढे सात चौकोन आहेत. जिने जो वार घेतला असेल तिने त्या चौकोनात आपले नाव लिहावे, आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी चहास यावे व काय केले ते सांगावे. जिला वार सोडावयाचा असेल तिने निःसंकोच सोडावा, पण सोडण्यापूर्वी दुसरी शोधून द्यावी. ज्यांच्याजवळ घरचे कोणी नाही, त्यांच्याकडे शेवटी जावे, म्हणजे उठण्याची घाई होणार नाही. एवढेच काय ते नियम. नावे गोळा करण्यास मी दारोदार येणार नाही, कारण भिडेने घेतलेला वार तिसऱ्या आठवड्यात सुटतो.

काल रात्रीपर्यंत सोमवार, गुरुवार आणि रविवार हे वार बहुतेक भरले होते. बुधवार सबंध रिकामा आहे, आणि थिबा पॅलेसच्या बाजूच्या दोन घरांस कोणीच मिळालेले नाही. वही फादरांच्या कचेरीत दाराजवळच्या टेबलावर ठेविली असून पेन्सिल तिला दोऱ्याने बांधली आहे.